अठ्ठावन्न ग्रॅमचं आमंत्रण

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मामंजींनी एकच अट घातली, आणि ती टपालाची होती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय त्र्याऐंशी. सगळी नोकरी धारजवळच्या सरदारपुरात, एका सरकारी खात्याच्या आवक-जावक शाखेत झाली. आलेलं पत्र वहीत चढवायचं आणि जाणारं पत्र तोलून, तिकीट लावून पाठवायचं, एवढंच काम. अशी नोकरी लोक करतात आणि निवृत्त झाल्यावर विसरून जातात. मामंजी विसरले नाहीत. घरात कुणी लिफाफा हातात घेतला की ते झोपाळ्यावरूनच सांगायचे, "वीस ग्रॅमच्या आत आहे. पाच रुपये." लिफाफा बहुतेक वेळा विजेच्या बिलाचा असायचा आणि तो कुठेच पाठवायचा नसायचा.

"व्हॉट्सॲपवर जाते ती सूचना," ते म्हणाले. "उद्या नळाला पाणी येणार नाही, ही सूचना. आमंत्रण पोस्टानंच जातं."

मुलगा पुण्याहून फोनवर होता. "आजोबा, आजकाल पोस्टानं कोण पाठवतं?"

"आपण," मामंजी म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

हा 'आपण' आमच्या घरात फार वजनदार शब्द आहे. आमची घरं दरबाराबरोबर महाराष्ट्रातून धारला आली. पूर्वजांनी तलवार गाजवली असं सणासुदीला सांगतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षी माळ्यावरचे जुने कागद आवरताना पाहिलं, तर पूर्वज दरबारात पानसुपारीच्या व्यवस्थेला होते. मी ते कागद पुन्हा बांधून ठेवले. नव्या सुनेनं बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आज तीस वर्षांनी मी जुनी सून आहे, तरी बोललेले नाही.

पत्रिका मुलानं आणि होणाऱ्या सुनेनं मोबाइलवर पसंत केल्या आणि इंदूरला छापायला टाकल्या. खोकं घरी आलं तेव्हा दोन माणसांनी धरून आत आणलं. एकेक पत्रिका म्हणजे कपाटाचं दारच. वर उठावाचा गणपती, आत मखमल, त्यात हळद, संगीत, लग्न आणि रिसेप्शन असे चार वेगवेगळे कागद, शिवाय मध्ये एक झिरझिरीत कागद, जो कशासाठी आहे हे छापणाऱ्यालाही सांगता आलं नाही. मजकूर इंग्रजी, थोडा हिंदी. मराठी एकच ओळ: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हां'. 'हं'चा 'हां' झाला होता. मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, "आई, ठीक तर आहे, समजून येतं ना." हा मुलगा शाळेत हिंदी शिकला आणि तिथली शिक्षिका म्हणून ती हिंदी मीच शिकवली, तेव्हा मी गप्प बसले.

मामंजींनी एक पत्रिका पाकिटात घालून तळहातावर घेतली. दोनदा वर-खाली केली. डोळे मिटले.

"साठच्या आसपास आहे," ते म्हणाले. "अवघड जागा आहे."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, जसं काही आम्ही या घरात आजच आलो. पत्राचं टपाल वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्यानं चढतं. वीसपर्यंत पाच रुपये, चाळीसपर्यंत दहा, साठपर्यंत पंधरा. साठाच्या वर केसभर गेलं तरी पुढचा टप्पा लागतो, वीस रुपये. कमी तिकीट लावलं तर पत्र नॉटपेड होतं, आणि जेवढं कमी असेल त्याच्या दुप्पट पैसे ज्याला पत्र जातं त्याच्याकडून घेतात. "म्हणजे आमंत्रण आपण करायचं आणि दंड पाहुण्यानं भरायचा," मामंजी म्हणाले. "असं आपल्या घरातून कधी झालेलं नाही."

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "बाबा, बुकपोस्टानं टाकू. पाकीट उघडं ठेवायचं. आत छापीलच मजकूर आहे, स्वस्त पडेल."

"उघड्या पाकिटातून बियाण्यांची माहितीपत्रकं येतात," मामंजी म्हणाले. "देवासला उघडं पाकीट गेलं तर लोक काय म्हणतील?"

देवास हा आमच्या घरातला कायमचा परीक्षक. निम्मे नातेवाईक तिथले. एकाच गावात पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि कुणाचे आजोबा कुठल्या पातीत होते यावरून पंगतीत अजून कोण आधी बसणार हे ठरतं. आम्ही धारचे लोक दोन्ही पात्यांना आपल्याहून कमी समजतो. आता सगळेच हप्त्यांवर फ्लॅट घेतात आणि मॉलच्या सरकत्या जिन्यावर सारखेच घाबरतात, पण त्यानं काही फरक पडत नाही.

तोलायला घरातला स्वयंपाकाचा काटा मामंजींना चालला नाही. ते पत्रिका घेऊन बाजारात सराफाकडे गेले. मीही गेले, कारण एकटं सोडण्याचं त्यांचं वय नाही.

"क्या बेच रिये हो, दादासाब?" सराफानं विचारलं.

"बेचना नहीं है भिया, तोलना है," मामंजी म्हणाले, आणि लग्नपत्रिका काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवली.

अठ्ठावन्न ग्रॅम, साठ सेंटिग्रॅम. सराफानं आकडा मोठ्यानं वाचला. मामंजींनी तो कागदावर लिहून घेतला. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. तिथून आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी तीच पत्रिका त्यांच्या काट्यावर टाकली आणि मान वर न करता म्हणाल्या, "पंद्रह का लगेगा, अंकल."

"मालूम है," मामंजी म्हणाले. "हम तो आपका काँटा देख रहे थे."

बाईंनी तिकिटं मोजून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुपारी जेवणानंतर बैठक मांडली. यांनी पत्ते लिहिले. मामंजींनी तिकिटं लावली, पट्टी ठेवून, पाच-पाच रुपयांची तिन्ही एका रेषेत, जशी काही ती पत्रं कुणी चौकटीत लावणार होतं. माझ्याकडे अक्षता.

"पाच-पाच दाणे," मामंजी म्हणाले. "मोजून."

मी पाच दाणे तळहातावर घेऊन पाहिले. माझा एकुलता एक मुलगा. ज्या घरानं दरबाराची पानसुपारी सांभाळली त्या घराच्या अक्षता, आणि त्या पाच? कुणी पाकीट उघडलं तर त्याला वाटेल, तांदूळ चुकून पडले. मी स्वयंपाकघरात गेले, कागदाचे चौकोन कापले, प्रत्येकात चांगल्या चिमूटभर अक्षता घातल्या, वर हळदकुंकू, आणि पत्रिकेला डाग लागू नये म्हणून घट्ट पुड्या बांधल्या. एकेक पुडी पाकिटात सरकवून पाकीट चिकटवत गेले. मामंजींचं लक्ष पट्टीकडे होतं.

संध्याकाळी आम्ही लाल पेटीत पाकिटं टाकली. पेटीचं तोंड अरुंद, तीन पाकिटं आत जात आणि चौथं अडकत होतं. मामंजी प्रत्येक पाकीट स्वतः आत ढकलत होते. सव्वाशे पाकिटं.

आठव्या दिवशी दुपारी फोन वाजला. देवासहून आत्याबाई. मामंजींची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, टेकडीच्या पायथ्याशी मुलीजवळ राहतात. एरवी फोन करतात तेव्हा आधी अर्धा तास गुडघे सांगतात. त्या दिवशी गुडघे सांगितले नाहीत.

"सूनबाई, पोस्टमन आला होता. म्हणाला, अम्मा, बैरंग है, दस रुपये लगेंगे."

मला आधी कळलंच नाही. माळव्यात नॉटपेडला बैरंग म्हणतात.

"मग?"

"मग काय? परत पाठवलं. दादाच्या घरचं आमंत्रण मी पैसे देऊन घेऊ होय? मी पाहुणी आहे, गिऱ्हाईक नाही." आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन थांबले नाहीत. ग्वाल्हेरच्या मावससासूबाईंनी दहा रुपये भरले होते आणि ते भरताना शेजारीण बघत होती, हे तीन वेळा सांगितलं. खात्यातले एक जुने सहकारी मोठ्यानं हसले आणि म्हणाले की मामंजींकडून नॉटपेड आलंय म्हणून त्यांनी पाकीट जपून ठेवलंय, नातवंडांना दाखवायला. एका चुलत दिरांनी सांगितलं, "वहिनी, काळजी करू नका, आहेरातून वळते करू." मला ती थट्टा वाटली. लग्नात त्यांच्या पाकिटात चारशे एक्क्याण्णव निघाले. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी दंडाचा शिक्का मारलेल्या पाकिटाचा फोटो टाकला आणि खाली हात जोडल्याची चित्रं रांगेनं आली. मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे ती सूचना होती, पण आमंत्रणापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचली.

मामंजी तीन दिवस नीट जेवले नाहीत. "मी स्वतः तोललं," एवढंच म्हणत. "अठ्ठावन्न साठ. सराफ साक्षीला आहे."

"त्यांचाच काटा बिघडला असेल," मी म्हणाले.

आता सगळं खरं सांगायचं तर मला तोपर्यंत कळलं होतं. पहिल्या फोननंतर तासाभरातच मी स्वयंपाकाच्या काट्यावर एक पुडी ठेवून पाहिली होती. दोन ग्रॅमच्या वर. अठ्ठावन्न साठ अधिक दोन किती होतात हे मी सहावीच्या मुलांना विचारत आले आहे. पण मी काही बोलले नाही. उलट यांच्यासमोर, शेजारणीसमोर, सगळ्यांसमोर पोस्टाच्या काट्याची तक्रार करत राहिले, आणि जितकी करत गेले तितकी ती मलाच खरी वाटायला लागली. सरकारी काटा, सरकारी काम, लोकांनाही पटलं. अशा गोष्टी आपल्याकडे कुणी तपासत नाही.

मामंजींनी तपासलं. देवासचं पाकीट परत आलं, ते त्यांनी कुणाला न सांगता उचललं आणि सराफाकडे गेले. परत आले तेव्हा मी कणीक मळत होते. त्यांनी पाकीट ओट्यावर ठेवलं. एका बाजूनं फाडलेलं. शेजारी माझी पुडी.

"साठ ग्रॅम ऐंशी," ते म्हणाले.

मी कणीक मळत राहिले.

"पाच दाणे सांगितले होते, सूनबाई."

"पाच बरे नाही दिसले, मामंजी."

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, आता बोलतील. तीस वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, पण तीस वर्षांत मी त्यांना सव्वाशे घरांत नॉटपेडही केलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "चूक माझीच. पाकीट बंद झाल्यावर, अगदी शेवटी तोलायचं असतं. खात्यात मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत होतो." मग उठले. "उद्या देवासला जाऊ. हातानं देऊन येऊ."

सकाळच्या बसनं निघालो. धारहून इंदूर, इंदूरहून दुसरी बस. मामंजींनी पांढरा सदरा आणि काळी टोपी घातली होती. पत्रिका नव्या पाकिटात, आत पाच दाणे. मोजून.

आत्याबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. आम्हाला पाहिलं, उठल्या नाहीत. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, पण नजर भावाकडे.

"तिकीट लागलंय ना यावर?" त्यांनी विचारलं.

"हातानं आणलंय," मामंजी म्हणाले. "आमंत्रण आहे. परवाचं चुकलं. घरातून चुकलं."

मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी हात वर केला. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मला तेव्हाही बरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. ती लाज बसस्टँडपर्यंतही टिकली नाही, हेही कबूल करते.

आत्याबाईंनी पाकीट घेतलं नाही. म्हणाल्या, "दादा, तुला आठवतं? तू सरदारपुरात होतास, मी तुला एक पत्र घातलं होतं. तूही परत पाठवलं होतंस."

"कधी?"

"माझी मोठी दोन वर्षांची होती तेव्हा. पाच पैशाचं तिकीट कमी होतं म्हणून. पोस्टमन तुझ्या दारात आला आणि तू म्हणालास, मी नॉटपेड घेत नाही. पत्र बारा दिवसांनी माझ्याच घरी परत आलं."

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मग म्हणाले, "त्याच महिन्यात दर वाढला होता. तू जुन्या दराचं तिकीट लावलं असशील."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बघ. पंचेचाळीस वर्षं झाली. याला दर आठवतो, पत्र नाही."

"पत्र मी वाचलंच नाही तर आठवेल कसं?"

"तेच तर म्हणते." त्यांचा आवाज वाढला नव्हता. "मोठीला गोवर आला होता. हे दौऱ्यावर, घरात मी एकटी, सासूबाई माहेरी गेलेल्या. दोन दिवस येऊन जा, एवढंच लिहिलं होतं. चार ओळी. बारा दिवस मी रोज बसच्या वेळेला दाराशी यायचे."

"मग? तिला काही..."

"काही झालं नाही. बरी झाली. आत तुझ्यासाठी चहा करतेय ती."

आतून खरंच भांड्यांचा आवाज येत होता. मामंजी तिकडे बघत राहिले. खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, हजारो पत्रं तोललेली. शेवटी त्यांनी विचारलं, "ते पत्र आहे का तुझ्याकडे?"

"बंबात घातलं. त्याच वर्षी."

"तिकिटासकट?"

आत्याबाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग अंग हलेपर्यंत, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि पदरानं पुसत म्हणाल्या, "तिकिटासकट रे, तिकिटासकट." मामंजी हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न मनापासून विचारला होता, आणि आता तो परत कसा घ्यायचा हे त्यांना कळत नव्हतं.

चहा झाला, पोहे झाले. मोठीनं, म्हणजे आता पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईनं, "मामा, शेव आणखी घ्या," म्हणून आग्रह केला. मामंजींनी दर वेळी घेतली. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "वाचून दाखव काय लिहिलंय ते. मला दिसत नाही." घरात दुसरं कुणी वाचू शकलं नसतं असं नाही. मामंजी उभं राहून वाचायला लागले. पहिलं पान इंग्रजी, ते अडखळले. हिंदीत जरा बरे चालले. मराठी ओळ आली तेव्हा "यायचं हां" असं जसं छापलं होतं तसंच वाचलं.

"हां," आत्याबाई म्हणाल्या. "गाडी पाठव. बसनं नाही येणार."

परतीच्या बसमध्ये मामंजी खिडकीशी बसले. इंदूरला बस बदलली, धारची बस गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना गहू लागला, तेव्हा म्हणाले, "बारा दिवस?"

"हो म्हणाल्या."

"सरदारपूरहून एका दिवसात पोचलो असतो मी." आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं, राखी असेल. ती दरवर्षी राखी उशिरा पाठवायची."

राखीसाठीसुद्धा दंडाचे दहा पैसे द्यायला हरकत नव्हती, असं माझ्या मनात आलं, पण त्या आठवड्यात टपालाबद्दल मी कुणाला शिकवावं अशी परिस्थिती नव्हती.

गाडी ठरवून मामंजी स्वतः गेले आणि आत्याबाईंना लग्नाच्या दोन दिवस आधी आणलं. आल्या आल्या त्यांनी मामंजींची खोली घेतली, केटररच्या दाल-बाफल्यांना नावं ठेवली, आणि दोन्ही पात्यांचे पाहुणे जमल्यावर बैरंग आमंत्रणाची गोष्ट इतक्यांदा सांगितली की नवरीच्या माहेरच्यांनाही पाठ झाली. दर वेळी शेवटी "तिकिटासकट?" असं मामंजींच्या आवाजात म्हणून दाखवायच्या. मामंजी शेजारीच बसलेले असायचे आणि दर वेळी ऐकून घ्यायचे.

हळदीच्या दिवशी आत्याबाईंनी आपली पर्स भावाच्या मांडीवर ठेवली. "सांभाळ, मी आलेच," म्हणाल्या आणि बायकांत जाऊन बसल्या. गाणी झाली, हळद झाली, जेवणाची एक पंगत उठली. मी दोनदा म्हणाले, "मामंजी, द्या माझ्याकडे, तुम्ही जेवून घ्या." त्यांनी मान हलवली. पांढऱ्या सदऱ्यावर लाल पर्स दोन्ही हातांनी धरून ते तसेच बसून राहिले, बहीण परत येईपर्यंत.